चढणीचा जोड

राव्निका,
रविवार, २९ जानेवारी

प्रिय तिलेन,

तुझं पत्र गुरुवारी पोचलं. वीजबिलाखाली होतं, म्हणून अक्षर ओळखायला क्षणभर उशीर झाला. तुम्ही तिघं बरी असाल. इथे आम्ही दोघं ठीक. बर्फ यंदा उशिरा आला, पण आला तो असा की सरपणाच्या खोपीची खिडकी बुजली. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, त्यांच्यापेक्षा कमी. फ्रांचकामावशीला कार्निव्हलपर्यंत धीर निघत नाही. तिने आजच जर्दाळूचा जाम भरलेले क्रोफ तळून पाठवले. बाबांनी चार खाल्ले आणि म्हणाले, "तेल जुनं आहे."

नऊ वर्षांत नव्या वर्षाच्या कार्डावर तीन ओळींपलीकडे तू काही लिहिलं नव्हतंस. आता दीड पान, आणि सगळं बुटांबद्दल. मी ते तीनदा वाचलं.

तर मारितचं, लग्नाबरोबर तुला मिळालेल्या लेकीचं. चौदा वर्षांची पोर, शाळेच्या सहलीत स्की शिकली, आणि आता मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर तिला स्कीवर डोंगर चढायचाय. रॉटरडॅमचा दुकानदार म्हणतो, दोन जोड घ्या. तू विचारतोस, "माणसाला खरंच दोन जोड लागतात का, की हा विकण्याचा धंदा आहे?"

धंदा तर आहेच. मी तोच करते. पण खरं उत्तर देते.

उताराचा बूट घोटा आवळून धरतो. म्हणून स्की आपलं ऐकते. त्याच बुटात चढायला लागलास तर प्रत्येक पावलाला तो नडगीशी भांडतो, आणि त्याचा तळ गुळगुळीत, कडक प्लास्टिकचा. चढणीच्या बुटाला मागे खटका असतो. तो सोडला की घोटा मोकळा, पाऊल चालल्यासारखं पडतं, आणि तळाला रबराचे दात असतात. वर पोचलं की खटका लावायचा आणि खाली यायचं. हल्ली दोन्ही कामं करणारे बूट निघालेत. वाईट नाहीत. पण कडक बर्फावर, थकल्यावर, त्यांनी दोन्हीकडे जरा जरा तडजोड केलेली असते ते कळतं.

मारितचा पाय अजून वाढतोय. तिला यंदा दोन जोड घेऊ नकोस. एक घे, दुसरा भाड्याने. घ्यायचा कुठला, ते तिलाच विचार: तुला वर जायला आवडतं की खाली यायला? जे पटकन सांगेल त्याचा घे.

आणि माप. उभं राहून घ्यायचं, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन. बसून घेतलेलं माप खोटं निघतं. सरळ उभी असताना बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघा वाकवला की सुटली पाहिजेत. कुठे हाड टोचत असेल तर त्यावर लिपस्टिक लावून पाय बुटात घालायचा. आत डाग पडतो, नेमकं तेवढंच गरम करून बाहेर ताणायचं. मी अजून तसंच करते. परवा एका जाड्या झाग्रेबकराच्या अंगठ्याला लावत होते तर बाबा दारातून म्हणाले, "आमची मुलगी लिपस्टिक फक्त परक्यांच्या पायाला लावते." तो माणूस लाजला. मी नाही.

पण हे सगळं पत्रातून होत नाही, तिलेन. पाय समोर लागतो.

बाकी नंतर लिहिते. दुकानात कुणीतरी आलंय.

बुधवार, १ फेब्रुवारी

दुकानात कुणी आलं नव्हतं. रविवारी दुकान बंद असतं, तुला माहीतच आहे. एवढंसं खोटंही माझ्या हातून किती सहज उतरलं, ते आज वाचताना दिसलं. खोडणार नाही, राहू दे.

वरचं सगळं पुन्हा वाचलं. त्यात एकही शब्द चुकीचा नाही. गुळगुळीत तळाबद्दलसुद्धा मी अगदी बरोबर लिहिलंय, जसं काही कुठल्या तरी पुस्तकात वाचलं असावं.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ होती: "तू असतीस समोर, तर काय सांगितलं असतंस?" तू ती मारितच्या बुटांबद्दल लिहिलीस. मी सहा दिवस ती दुसऱ्याच बुटांबद्दल वाचतेय. कदाचित तुझ्या मनात तसलं काही नसेल. पण मग माझ्या मनात आहे, आणि तेवढं पुरे.

आपल्याकडे चढणीचा जोड एकच होता. बाबांचा आणि तुझा पाय एका मापाचा, म्हणून बाबा म्हणायचे, "दोन पाय, दोन माणसं, जोड एक. हिशेब चुकतो कुठे?" ज्याला वर जायचं त्याने घ्यायचा. नऊ वर्षांपूर्वी, त्या आठवड्यात तू नेला होतास, आणि डाव्या बुटाच्या खटक्याची खीळ तुटली. संत ब्लाझच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी तू तो जोड दुकानातल्या माझ्या बाकावर ठेवलास. तू नेमकं काय म्हणालास ते मला पाठ आहे. "ताई, सकाळी बाबांना लागतील. वीस मिनिटांचं काम आहे. विसरू नको हं, नाहीतर म्हातारा माझं डोकं फोडेल."

मी विसरले नाही. स्कीला आलेल्या पाहुण्यांचे सहा जोड ताणायचे होते, ते आधी घेतले. तुझ्या बुटाकडे मी दोनदा पाहिलं आणि म्हटलं, उद्या लवकर उठू. उठले नाही.

सकाळी बाबा पाठीवर लाकडं बांधून दुकानात आले. दर वर्षीप्रमाणे. त्या दिवशी वर जाणाऱ्याने डोंगरावरच्या झोपडीच्या शेगडीसाठी एक तरी ओंडका न्यायचा. त्यांनी तीन बांधले होते. म्हणाले, "बूट?" जोड माझ्या बाकाखाली होता, फडक्याने झाकलेला. मी म्हटलं, "तिलेनने आणलेच नाहीत."

तीन शब्द. का म्हटलं, याचा मी खूप विचार केलाय. घाबरून नाही. बाबा मला काही बोलले नसते. मला वाटतं, या घरात काम वेळेवर करणारी ती मी, आणि विसराळू तो तू, असं ठरून गेलं होतं. मी ते जरा वापरलं. तेवढंच.

ते तुला शिवी देऊन उताराचे बूट घालून निघाले. त्या बुटांना चढणीची स्की बसत नाही, म्हणून स्कीसुद्धा पाठीवर. मी खिडकीतून पाहत होते. अजूनही हाक मारता आली असती. बर्फ कडक होता. घळीच्या तोंडाशी पाय सटकला, आणि पुढचं तुला माहीत आहे.

इस्पितळात तू संत्री घेऊन दारात उभा होतास. बाबा खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्याने माझे बूट नेले त्याला माझ्यासमोर आणू नका." तू माझ्याकडे पाहिलंस. मी थर्मासचं झाकण लावत होते. ते आधीच लागलेलं होतं. तू संत्री खिडकीत ठेवलीस आणि गेलास, आणि मार्चपर्यंत रॉटरडॅमला पोचलासही.

तू तेव्हा बोलला असतास तर मी नाकारलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले. खरंच नसतं का? माहीत नाही. तू माझ्यावर ते करून बघायची वेळच आणली नाहीस.

मी रोज वही लिहिते, ही तुझी जुनी थट्टा. त्या दिवसाचं पान काल काढलं. "बाबा पडले. गुडघा. बर्फ कडक." एवढंच. माझ्या स्वतःच्या वहीतही मी फडकं घालून ठेवलंय.

हे पत्र बाबांना सांगितल्याशिवाय टाकणार नाही. तुला एकट्याला लिहिणं सोपं आहे, कारण तुला ठाऊकच आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगणं म्हणजे सांगणं.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी. संत ब्लाझ.

सांगितलं. काल दुपारी. ते स्वयंपाकघरात सलगम सोलत होते. जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मला माझ्या बाजूने वळवता येणार नाही.

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी चढणीचे बूट माझ्याकडे होते. तिलेनने आदल्या दिवशीच आणून दिले होते. मी दुरुस्त केले नाहीत आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

सुरी थांबली नाही. म्हणाले, "काय मोडलं होतं?"

"डाव्याच्या खटक्याची खीळ."

"अर्ध्या तासाचं काम."

"वीस मिनिटांचं."

"हो. वीस." मग एक अख्खा सलगम सोलून झाला. "म्हणजे नऊ वर्षं मी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या सगळ्या वाया गेल्या."

"मला घाला."

"तुला घालून काय उपयोग? तू सूप वाढतेस."

मला हसू आलं, आणि त्यांनी मान वर केली. त्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. सुरी पाटावर ठेवली, टोपी घेतली आणि फ्रांचकामावशीकडे गेले. रात्रीचं तिकडेच जेवले. ती मला फोनवर म्हणाली, "अगं, हा माझं तेल चांगलं म्हणतोय. काय झालंय काय?"

आज सकाळी मी निघाले. तू गेल्यापासून दर वर्षी या दिवशी एकटी वर जाते. हे तुला कधी कळवलं नव्हतं. उतरताना मी बर्फातल्या माझ्या स्कीच्या रेघेच्या डाव्या बाजूला जागा सोडून उतरते. आपण दोघं उतरायचो तेव्हा आपल्या वळणांची वेणी पडायची, आणि खाली आल्यावर तू मागे वळून शीळ घालायचास. माझी एकटीची रेघ वरून खालपर्यंत अर्धीच दिसते. लोकांना नसेल वाटत. मला दिसते.

दर वर्षी बाबा दारात येऊन एक ओंडका माझ्या पिशवीला बांधतात. गाठ त्यांनाच मारायची असते. आज येतील असं वाटलं नव्हतं. आले. एक बांधला. मग खोपीत जाऊन दुसरा आणला. बीचचा, सालीसकट, चांगला वाळलेला.

मी विचारलं, "दुसरा कुणाचा?"

"न्यायचाय की नाही?"

"नेते ना."

गाठ मारता मारता म्हणाले, "त्याला पत्र लिहितेयस ना, मला माहीत आहे. आठवडाभर शाई पितेयस. माझ्याकडून काही लिहू नकोस. मी जे बोललो ते तोंडाने बोललो. परत घेईन तेही तोंडानेच." आणि गाठ इतकी आवळली की वर पोचल्यावर मला ती दातांनी सोडावी लागली.

माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत, आणि बोलावं अशी मी वाट पाहत नाही. निदान पाहू नये.

तर आता तुझ्या प्रश्नाचं पुरं उत्तर. हो, दोन जोड लागतात. चढायला एक आणि उतरायला एक. आपल्या घरात एक कमी होता, आणि त्या कमीवर मी माझी चूक ठेवून दिली. आज खाली आल्यावर मी तो जुना जोड बाकावर घेतला आणि डाव्याची खीळ बसवली. वीसच मिनिटं लागली. पण तो घालू नकोस. न वापरलेलं प्लास्टिकही म्हातारं होतं. टाचेपाशी बारीक तडा आहे. तुझ्यासाठी मी नवीन काढून ठेवलाय, पण तुझा पाय नऊ वर्षांत बदलला असेल, आणि माप मी उभ्या माणसाचंच घेते. मारितचंही तसंच घेईन. तिला लिपस्टिकचा रंग निवडू दे.

तू येच, असं लिहायचा हक्क मला आहे का, ते मला ठरवता येत नाही. म्हणून एवढंच सांगते: तुझा ओंडका झोपडीतल्या रचणीवर सगळ्यात वर ठेवलाय. शेगडी पेटवली तेव्हा मी माझाच घातला. तुझ्याला हात लावला नाही.

कार्डांवर मी नऊ वर्षं नुसतं "पोलोना" लिहीत आले, तू लक्षात घेतलं असशील. दुसरा शब्द लिहायला हात धजत नव्हता. आज लिहून बघते. चालत नसेल तर खोडून पत्र परत पाठव.

तुझी
ताई