अ‍ॅशबी हॉलची किल्ली

अ‍ॅशबी, ऑन्टारिओ
८ मार्च

प्रिय बेबी,

सप्रेम जयभीम.

आपला अ‍ॅशबीचा हॉल पाडणार नाहीत. सोमवारी रात्री नगर परिषदेने त्याला वारसा इमारतीचा दर्जा द्यायचा ठराव मंजूर केला आणि मंगळवारी सकाळी क्लर्कच्या ऑफिसने स्वातीला तसं लेखी कळवलं. स्वाती आपल्या मंडळाची सेक्रेटरी, त्यामुळे ईमेल तिला आला, पण मी तिच्या बँकेच्या पार्किंगमध्ये जाऊन तो तिच्या फोनवर स्वतः वाचला. आयुष्यभर पेपरच्या डेस्कवर बसलेला माणूस; दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीचा मथळा करवत नाही.

हे तुला फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तू ‘नाही’ म्हणतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, फार तर फाडता येतं. स्वातीचे वडील गुरुवारी नागपूरला निघताहेत, त्यांच्याबरोबर पाठवतोय. ते इंदोऱ्याला घरी येऊन देतील, चहा पाज. सोबत मेपल सिरप आहे, ते वनिताला दे. बहिणीला दरवेळी साबण पाठवतेस असं ती मला मागे म्हणाली होती.

ऑक्टोबरात तू दीक्षाभूमीला म्हणून गेलीस आणि जानेवारीचं परतीचं तिकीट रद्द केलंस. परत यायचं की कायमचं तिथेच राहायचं ते मार्चअखेर सांगते म्हणालीस. मी घाई करत नाही. पण तू जाताना एअरपोर्टवर जे म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. हर्षवर्धन बॅगा चढवत होता आणि तू मला हळूच म्हणालीस, ‘‘इथे माझ्यावाचून कुणाचं काय अडतं?’’ मी तोंड उघडायच्या आत तुझा मुलगा मध्ये पडला, ‘‘आई, पासपोर्ट हातात ठेव,’’ आणि विषय संपला.

खरं सांगायचं तर तुझं म्हणणं मला पटत होतं. सगळी घरं एका रंगाची, सगळी झाडं एका उंचीची. गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं, आणि शेजारी राहतो कोण ते कळत नाही. तू म्हणायचीस, या गावात कुणी म्हातारं झालेलं दिसत नाही, कुणी मेलेलंही ऐकू येत नाही, हे गाव आहे की फर्निचरचं दुकान. म्हणून तू गेल्यावर मी या गावात कोण मेलं ते शोधायला लागलो. हसू नकोस. थंडीत माणसाला काहीतरी काम लागतं, आणि दारातला बर्फ शोव्हल करायला हर्षवर्धन मला देत नाही.

तर ऐक. ब्रॅम्पटन आणि मिल्टनच्या मधली ही सगळी जागा आधी इथल्या मूळच्या मिसिसॉगा लोकांची. त्यांच्याकडून ती कशी घेतली ते इथल्या माहितीच्या पाटीवर एका ओळीत उरकलंय. पाट्या कशा लिहितात ते आपल्याला कुणी शिकवायला नको. मग इंग्लंडातून विणकर, सुतार, शेतमजूर आले. त्यांनी ओढ्यावर गिरणी बांधली आणि गावाला आपल्या मागे राहिलेल्या गावाचं नाव दिलं. गिरणीच्या दगडी इमारतीत आता दाताचा दवाखाना आहे, तुझी दाढ जिथे काढली तोच. लोहाराच्या भट्टीच्या जागी कॉफी मिळते. खाणावळीत वकील बसतो, आणि चर्चमध्ये शनिवारी पंजाबी मुली भांगडा शिकतात. सगळं रोज डोळ्यांसमोर होतं, बेबी. नव्या घरांच्या गर्दीत आपण ते पाहिलंच नव्हतं.

आणि आपला हॉल. आपण सहा वर्षं त्यात जयंती केली, बुद्धपौर्णिमा केली, मुलांचे मराठी वर्ग घेतले, पण तो कुणी आणि कशासाठी बांधला ते आपल्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. तो गावच्या कारागिरांनी बांधला, वाचनालय म्हणून. दिवसभर गिरणीत राबायचं आणि संध्याकाळी दिव्याखाली वाचायला बसायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्याने वाचून दाखवायचं. हे कळलं त्या दिवशी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, आपणच लावलेला. मला वाटलं, लावायला जागा बरोबर सापडली होती.

आता मुख्य भाग, यातली निम्मी बातमी तूच आहेस.

हॉलची जागा बिल्डरला विकून तिथे टाउनहाउस, म्हणजे भिंतीला भिंत लागलेली घरं, बांधायची असं परिषदेच्या मनात होतं, ते तुला ठाऊक आहे. वाचवायचा तर आत काहीतरी मूळचं शिल्लक असायला हवं. खिडक्या बदललेल्या, छत बदललेलं, बाहेरच्या विटांवर मागे कुणीतरी रंग फासलेला. सगळ्यांनी आशा सोडली होती. जानेवारीत दोन नगरसेवक पाहणीला येणार म्हटल्यावर आपल्या तरुण मंडळींनी बूट दारात काढायचा तुझा नियम उठवला. स्वाती म्हणाली, ‘‘काका, काउन्सिलरला बूट काढा कसं म्हणायचं? ऑकवर्ड होतं.’’ मी म्हटलं, बेबीने भल्याभल्या मंत्र्यांना वॉर्डाबाहेर चपला काढायला लावल्यात. ती म्हणाली, ‘‘हो, पण काकू सिस्टर होत्या.’’ लगेच त्यांनी तुझी मोज्यांची टोपली उचलून बेसमेंटमध्ये ठेवली, दारातली चटई काढली, आणि नगरसेवक बुटांसकट आत आले. मग सगळेच तसे यायला लागले. बर्फावर टाकतात ते रस्त्याचं मीठ बुटांना लागून आत यायचं. फेब्रुवारीपर्यंत दारापासून स्टेजपर्यंत एक पांढरा पट्टा पडला. पुसला की जायचा, वाळला की पुन्हा यायचा. मी घरी कुरकुर केली तर आपली नात जाई म्हणाली, ‘‘आबा, इट्स जस्ट अ फ्लोअर.’’

मग परिषदेने जुन्या इमारतींच्या एक तज्ज्ञ बाई पाठवल्या. त्या आल्या, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ही नवी दिसतेय, केव्हा बदललीत? आम्ही म्हटलं, आम्ही तर खिळाही ठोकला नाही. त्यांचा विश्वास बसेना. गुडघ्यावर बसल्या, शेगडीपाशी एक फळी उचकटून खालून पाहिली. मूळच्या मेपलच्या फळ्या, हॉलइतक्याच जुन्या. त्या म्हणाल्या, या भागातल्या असल्या प्रत्येक हॉलची जमीन बुटांनी आणि मिठाने केव्हाच खाल्ली, एकाही ठिकाणी एवढी धड उरलेली पाहिली नाही. मग तो पांढरा पट्टा दाखवून विचारलं, हे कधीचं?  स्वातीच पुढे झाली. म्हणाली, हे दोन महिन्यांचं आहे. त्याआधी आमच्या काकू इथे होत्या.

डोरीनबाई सोडल्या तर या गावात आता मूळ घराण्यातलं कुणी उरलेलं नाही. त्यांच्या घराण्यात हॉलची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, हॉल विणकरांनी बांधला तेव्हापासून. त्यांच्याकडूनच कळलं की त्यांची आईही बूट बाहेर काढायला लावायची; मग महायुद्धानंतर नाचाचे कार्यक्रम सुरू झाले आणि कुणी ऐकेनासं झालं. म्हणजे आधीच्या लोकांनी ती जमीन थोडी सांभाळली, मधल्यांनी थोडी झिजवली, आणि तिचा शेवट होणार त्या वेळी तू चटई टाकून दारात उभी राहिलीस. अहवालात हे ‘वापरकर्त्यांच्या पादत्राणविषयक प्रथेमुळे’ अशा शब्दांत आलंय. माझ्या डेस्कवर ही कॉपी आली असती तर मी तिथे तुझं नाव घातलं असतं.

सोमवारच्या सभेला डोरीनबाई आल्या होत्या. आता त्या केअर होममध्ये असतात, व्हीलचेअरवर. आठवतं ना, पहिल्या जयंतीला तू त्यांनाही दारात अडवलंस तेव्हा केवढ्या भडकल्या होत्या. तुला त्यांचं इंग्रजी कळेना, त्यांना तुझं मराठी कळेना, तरी भांडण रीतसर झालं. मग तू टोपलीतून लाल मोजे काढून त्यांच्या हातात ठेवलेस आणि हाताची घडी घालून उभी राहिलीस. ते मोजे त्यांनी परत केलेच नाहीत. सोमवारी त्यांच्या पायात तेच होते. बोलायची वेळ आली तेव्हा त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘माझ्याच आजोबांच्या हॉलमध्ये एका बाईने मला बूट काढायला लावले. मी घरी जाऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाही. माझी आई असती तर तिने त्या बाईला जेवायला बोलावलं असतं.’’ लोक हसले. मग मतदान झालं.

दुसऱ्या दिवशी मी आणि स्वाती त्यांना भेटायला गेलो, मंडळातर्फे आभार मानायला आणि खरं म्हणजे किल्ली मागायला. आजवर परिषदेचा माणूस येऊन दार उघडायचा, आता हॉल आपल्या मंडळाने सांभाळावा असं परिषदेने सुचवलंय. किल्ली त्यांच्या उशाशी होती, लाकडी रिळाला बांधलेली. मी हात पुढे केला, तर त्यांनी ती मुठीत धरली. म्हणाल्या, ‘‘तुम्ही तर नवरा.’’ स्वाती म्हणाली, मी सेक्रेटरी आहे, कमिटीतर्फे सही करून घेते. त्यावर म्हणाल्या, कमिटीला किल्ली देत नाहीत, माणसाला देतात. गावाची रीत अशी की किल्लीवाली हॉलच्या नजरेच्या टप्प्यात राहते, सगळ्यांच्या आधी येऊन शेगडी पेटवते, सगळ्यांच्या मागून जाते, आणि किल्ली हातातून हातात जाते. मग मला विचारलं, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हॉलचं छप्पर दिसतं ना? मी म्हटलं, दिसतं. ‘‘मग ती कुठे आहे?’’

मी सांगितलं, नागपूरला. त्यांना नागपूर म्हणजे ब्रॅम्पटनच्या पलीकडचं काहीतरी वाटलं असावं. म्हणाल्या, बरं, मग यायला किती वेळ लागेल?

हे पत्र त्या प्रश्नासाठी लिहिलंय, बेबी. त्यांना काय सांगायचं ते मला ठरवता येत नाही, तुलाच ठरवायचंय. तिकीट काढलेलं नाही. हर्षवर्धन काढत होता, मीच थांबवलं. तुझं मन तिथेच रमत असेल तर तसं कळव, मी रागावणार नाही, आणि पुढच्या थंडीआधी मीच तिकडे येईन. पण एअरपोर्टवर जे विचारलंस त्याचं उत्तर आता मला माहीत आहे, आणि ते तुला न सांगता गप्प बसणं मला जमलं नाही. इथे तुझ्यावाचून एक दार अडलंय.

ठरावावर हरकती घ्यायची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते. कुणी हरकत घेणार नाही असं स्वातीला क्लर्कच्या ऑफिसने तोंडी सांगितलंय, लेखी यायचंय. टोपली मी बेसमेंटमधून वर आणलीय, मोजे धुऊन ठेवलेत, आणि चटई दारात टाकायला जाई मदत करते म्हणालीय. जयंतीचा कार्यक्रम चौदा तारखेच्या आधीच्या रविवारी ठरलाय. सकाळी केअर होमची गाडी डोरीनबाईंना किल्लीसकट घेऊन येईल आणि हॉलच्या पायऱ्यांपाशी थांबेल. आम्ही सगळे बाहेर उभे असू. दार तेव्हा बंद असेल.

तुझाच,
भगवान