टाकी आणि झारी

चांदे, मंगळवार, ११ मार्च १९८०

संध्याकाळी तुळशीला पाणी घालताना झारीची चोच पाण्यापेक्षा उंच होती, तिरकी करेपर्यंत थेंब पडेना. तशीच उभी राहिले. आपली नवी टाकी गोठ्याच्या स्लॅबवर आणि माडीवरचा नळ तिच्याहून उंच! पाणी चढणार कसं? टाकी मोठी घेतली की दाब वाढतो, असं मीच सगळ्यांना ठणकावलं होतं. दाब पाण्याच्या उंचीने येतो, साठ्याने नाही, हे कॉलेजात शिकलेलं कुठे गेलं?

सुमन, माझी सून, आठवडाभर सांगत होती, "आई, वरच्या नळाला पानीच न्हाई."

"नळ उघडायलाही अक्कल लागते."

"मग तुमीच उघडून बघा की," ती हसली होती. मी गेले नाही. तिला सातवा महिना, आणि रोज भरली बादली घेऊन जिना चढते.

उद्या टाकी गच्चीवर चढवते. ते सोपं. पण तिला काय सांगू? झारीने सांगितलेलं पटलं, तुझं नाही?

माडीवर अंघोळ करणारी मी एकटीच. बादली रोज भरलेली असायची, म्हणून नळाला कधी हातच लावला नाही.