लाईनवर गेलेली माणसं

आबा, तुमची नात सकाळपासून फोन उचलत नाहीये. काल दोंडाईच्याकडे वादळ झालं, विजेचे खांब आडवे झाले आणि ही उजाडताच लाईनवर गेली. तुमच्यासारखीच वायरमन झालीय ती. मी इथे जळगावात तिसऱ्या मजल्यावर घरातल्या घरात येरझाऱ्या घालतेय. कणीक मळली आणि तशीच झाकून ठेवली. टीव्ही लावला, बंद केला. शेवटी तुम्हाला लिहायला बसले. आज फोनवर आली ना, की स्पष्ट सांगणार आहे, सोड ही नोकरी.

लाईन हा शब्द आपल्या भडगावात कुठे म्हणून नव्हता! रेशनला लाईन लागायची. आत्याचं बोदवडचं घर रेल्वे लाईनीला लागून. वाया गेलेल्या पोराला लाईनीवर आणायचं असायचं, कॉलेजातली पोरं लाईन मारायची, आणि माझी दहावी झाल्यावर येईल तो पाहुणा विचारायचा, पोरीला कोणत्या लाईनला टाकताय? लोकांच्या घरी लाईन यायची, जायची. आपल्या घरी मात्र एकच अर्थ, तुम्ही खांबावर आहात. आई चुलीशी भाकरी थापताना दाराकडे बघत म्हणायची, "तुना आबा लाईनवर शे, आवाज करू नको." माझ्या आवाजाने तुम्ही पडणार होतात की काय, कोण जाणे. पण मी गप्प बसायचे.

डीपीची पेटी घरामागेच होती. खांबावर चढण्याआधी तुम्ही तिच्यातले चिनी मातीचे पांढरे फ्यूज काढून लाईन बंद करायचात आणि ते माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकायचात. "हाई कोनले देऊ नको. मी सोता मांगसू तव्हयच दे." हत्यारांची पिशवी खांबाखाली पडलेली असते, कोणीही हात घालतं, म्हणून पिशवीवर तुमचा भरवसा नव्हता. एकदा पिठाच्या गिरणीवाले नाना थेट दारात. "दे वं पोरी फ्यूज. तुना बापनं काम व्हई गे. बठ्ठा गिऱ्हाईक खोळंबेल शेत." मी आत पळते, दादर ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालते आणि फ्यूज पुरून टाकते. नाना ओरडतायत, आई मध्ये उभी आहे, मी कोठीला मिठी मारून बसलेय. बऱ्याच वेळाने तुम्ही आलात. सगळं ऐकून घेतलंत आणि नानांना एवढंच म्हणालात, "नाना, मी वर व्हतू. तार मना हातमा व्हती." नाना आल्या पावली गिरणीकडे परतले. मग तुम्ही सांडलेल्या ज्वारीवरून मला रागावलात, "आते हाई दादर कोन भरी?" आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मग ज्वारीतून काढलेले फ्यूज पुन्हा पुन्हा मोजलेत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्हालाही भीती वाटते. त्या दिवसापासून माझी भीती काही गेलेली नाही.

हे लिहीत होते आणि आत्ता फोन वाजला.

"आई, किती मिस्ड कॉल! वर होते ना मी."

मी विचारलं, "फ्यूज कुठे होते?"

"चहाच्या टपरीवरच्या मावशीकडे. सांगून ठेवलं होतं तिला, साहेब आले तरी द्यायचे नाहीत. मी स्वतः मागेन तेव्हाच."

तिने तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही, आबा. लहानपणी ती जेवायला त्रास द्यायची, तेव्हा एकेका घासाला मी तिला ही कोठीची गोष्ट सांगायचे. घास गिळला जावा, एवढाच माझा हेतू होता. आता तिला नोकरी सोड कोणत्या तोंडाने सांगू? सकाळपासून ठरवलेलं सगळं गिळलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

आमच्या बिल्डिंगची लाईनही आत्ताच गेलीय. जिन्यात आरडाओरडा चाललाय, कोणी तक्रारीचा फोन लावतंय. मी कणकेच्या परातीशी घामाघूम बसलेय. खरं सांगू? लाईन गेली की मला बरं वाटतं. लवकर येऊच नये असं वाटतं. शेजाऱ्यांना हे सांगायची सोय नाही, वेडी म्हणतील. पण कोणीतरी वर असेल ना, आबा.