जाकिटातला पेशंट

३ जून, सोमवार
रिफ्रेशर कोर्स सुरू. चौदा जण. ॲम्ब्युलन्सवर अठरा वर्षं काढलेला मी एकटा, बाकी सगळी कालची पोरं. वास्तविक मला कोर्सची गरज नाही. मार्चमध्ये त्या बँकेतल्या कॅशियरच्या घशात सफरचंदाची फोड अडकली, तेव्हा मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि ड्रायव्हरने मागून पोट दाबलं. फोड बाहेर आली. दोघांनी काम वाटून घेतलं, इतकंच. पण मॅनेजरने तक्रारीत लिहिलं की अटेंडंट नुसता उभा होता. उभा होतो हे खरं. नुसता नव्हतो.

१४ तारखेला परीक्षा. पास झालो तर परत गाडीवर. नापास झालो तर गाडी कायमची सुटली. हे आपलं नोंद म्हणून लिहिलं. काळजी नाही.

खोली तळघरात. खिडकी नाही. डमीचा घसा फाटलाय, म्हणून एकाने सरावाचं जाकीट घालून पेशंट व्हायचं. जाकिटाला पुढे नळी, नळीत स्पंजचं बूच. मागून मिठी घालून पोटावर बरोबर दाबलं की बूच उडतं. ट्रेनरबाईंनी विचारलं, कोण घालतंय? कुणी हलेना. मी पुढे झालो. मोठ्या माणसाने उदाहरण घालून द्यावं.

संकल्प : उद्यापासून स्वतः रोज दहा वेळा सराव.

४ जून
सराव झाला नाही. सगळे माझ्यावरच करत होते. आधी पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच दाब. तेरा जण. हिशेब केला नाही, पाठीला कळतोय.

बाई म्हणाल्या, तुम्ही गुदमरता फार छान. आवाज नाही, खोकला नाही, दोन्ही हात गळ्यावर, डोळे बाहेर. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, नीट बघून घ्या, खरा पेशंट असाच दिसतो.

अठरा वर्षांत वरिष्ठांकडून पहिलं कौतुक.

६ जून
छतातून सायरन ऐकू आला. आमचीच गाडी. मी जाकिटासकट उठलो. चष्मेवाली मुलगी मागून दाबायच्या तयारीत होती, ती म्हणाली, काका, खाली बसा, तुम्ही अजून वाचला नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत ड्रायव्हर भेटायला आला. तो मला महाराज म्हणतो. म्हणाला, महाराज, तुमच्या सीटवर रोज वेगळं माणूस बसतंय, कुणाशी धड बोलता येत नाही, लवकर या. मी म्हटलं, चौदा तारखेला. मग त्याने विचारलं, हात चालतोय ना? मी म्हटलं, न चालायला काय झालं? तो उगाच चपलेकडे बघत बसला.

७ जून
बाई म्हणाल्या, आज तुमची पाळी, जाकीट काढा. काढणार होतो. पण बक्कल अडकलं. दोघांनी ओढून पाहिलं. शेवटी बाई म्हणाल्या, राहू दे, सोमवारी बघू.

घरी जाताना बक्कल आपोआप सुटलं. जुन्या वस्तूंचं काही सांगता येत नाही.

९ जून, रविवार
बायकोला म्हटलं, तुझ्यावर सराव करतो, पाठमोरी उभी राहा. ती उभी राहिली. मी मागून हात घातले. मूठ बेंबीच्या वर, छातीच्या हाडाच्या खाली, दुसरा हात मुठीवर. सगळं पाठ आहे. ती म्हणाली, मग? मी म्हटलं, थांब, मनात उजळणी करतोय. ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, लग्नाला चोवीस वर्षं झाली, एवढा वेळ तुम्ही कधी मला धरून उभे राहिला नव्हता, पण माझं दूध उतू चाललंय.

तिच्या घाईमुळे सराव अपुरा राहिला.

११ जून
आता मुलं मलाच विचारतात, काका, मूठ बरोबर आहे का? मी गुदमरता गुदमरता मान हलवून सांगतो. म्हणजे मी जवळजवळ ट्रेनरच झालो. एखादी गोष्ट आतून कळणं वेगळं. त्यांना पोट बाहेरून कळतं, मला आतून.

बाईंनी पुन्हा पाळी विचारली. मी म्हटलं, आधी मुलांचं होऊ दे. त्या नुसत्या बघत राहिल्या. आदराने असावं.

१३ जून
बरगडी दुखते. प्रार्थनेला बसलो, पण मध्येच मूठ वळली जात होती. चांगलं लक्षण. उद्या निवांतपणे जायचं.

१४ जून, शुक्रवार
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

मी परीक्षेला, म्हणून पेशंट कुणी उरला नाही; मुलं जाकिटाला हात लावेनात. वॉचमनला बोलावून जाकीट घातलं. माणूस चांगला, अभिनय शून्य. छातीवर हात ठेवून हसत उभा. मी म्हटलं, अहो, हा हार्ट अटॅक झाला, हात गळ्यावर घ्या. तो म्हणाला, असे? मी म्हटलं, बोलायचं नाही, घसा बंद आहे तुमचा. डोळे बाहेर कसे काढायचे तेही दाखवलं. तेवढ्यात परीक्षक डॉक्टरांनी घड्याळ बंद केलं. म्हणाले, पेशंट गेला. मी दाखवून दिलं की तो तर चहाला कधी सोडणार म्हणून विचारतोय. डॉक्टर म्हणाले, आणखी एक संधी.

मागे गेलो. हात घातले. मूठ बरोबर जागेवर. जाकिटाच्या खाली त्याचं पोट श्वासाबरोबर वरखाली होत होतं. गरम होतं. जिवंत माणूस. चुकून बरगडी मोडली तर. दाबलं आणि तरीही नाही आलं तर. मार्चमध्येही हेच.

डोळे कधी मिटले कळलं नाही.

वॉचमन मान वळवून म्हणाला, अहो साहेब, उरका ना, गेटवर कुणी नाही.

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

वॉचमनने सहकार्य केलं नाही, असं अपिलात लिहायचं.

१७ जून
अपील लिहिलं नाही. तो बिचारा सांगितलं तसा उभा होता.

ड्रायव्हरच्या शेजारी आता चष्मेवाली बसते. पहिल्या दिवशी माझं बूच तिनेच छतापर्यंत उडवलं होतं. ड्रायव्हरने फोन केला. बराच वेळ गाडीच्या टायरबद्दल बोलला.

२१ जून
ऑर्डर आली. बदली : प्रशिक्षण विभाग, कायम. बाईंनी शिफारस केली म्हणे. बायको म्हणाली, बसून काम आहे, बरंच झालं. कामाचं स्वरूप या रकान्यात एकच शब्द आहे : पेशंट.

२४ जून, सोमवार
नवी बॅच. सोळा जण. सकाळच्या चहापर्यंत अकरा वेळा वाचलो. पाच बाकी.