चार रिकाम्या जागा

दि. ९ डिसेंबर, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. पोरीचे पुढचे दोन दात पडलेत आणि बोबडं बोलण्याचा तिला भलताच अभिमान आहे. दाजींची कंबर कशी आहे? फोन केला असता, पण फोनवर मी पुन्हा काहीतरी थाप मारली असती. म्हणून लिहायला बसलोय.

तू आमच्या विमान कंपनीकडे केलेली तक्रार शुक्रवारी ऑफिसात आली. 'वडील शेवटच्या घटका मोजत असताना स्वतःच्या माणसाला एक जागा दिली नाही,' असं लिहिलंयस. त्या दिवशी काउंटरवर माझ्याबरोबर सामानाचं वजन करणाऱ्या काकू होत्या. खुलासा त्यांच्याकडे मागितलाय. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरलेत.

ताई, विमान भरलेलं नव्हतं. अठ्ठेचाळीसपैकी चार जागा रिकाम्या गेल्या.

तुझा फोन सकाळी आठला आला. "बाबा तुला बोलावतायत," म्हणालीस. काकूंनी लगेच माझं तिकीट काढलं, म्हणाल्या, "जा तू, मी सांभाळते इथलं." आपल्या दोन गावांमधलं हवाई अंतर चारशे दहा किलोमीटर. रस्त्याने घाटातून दहा तास, विमानाने पंचावन्न मिनिटं. दिवसातून वीसदा मी हे लोकांना सांगतो. अकरा वीसला सुटलेलं विमान सव्वाबाराला तुमच्याकडे उतरतं. बाबा गेले चारला. मी पोचलो असतो.

शिडीपर्यंत गेलोही. पण आई गेली तेव्हा चारचौघांत मी बाबांना "तुमच्या हट्टापायी गेली ती" असं बोलून गेलो होतो, ते आठवलं. त्यानंतरची सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. वाटलं, मी खाटेपाशी उभा राहीन आणि ते तोंड फिरवतील. पाय उचलेना. दारातल्या हवाई सुंदरीने विचारलं, "सर, येताय ना?" मी म्हटलं, "दार लावा." मग आडोशाला जाऊन तुला फोन केला आणि जागा नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आलो, तर तू मला जवळ घेऊन म्हणालीस, "तुझा काय दोष यात?" नातेवाइकांशी माझ्या बाजूने भांडलीस. मी भांडू दिलं. निघताना तू सांगितलंस, माझा निरोप ऐकून बाबा म्हणाले होते, "असू दे. त्याला म्हणावं, जिवाला लावून घेऊ नकोस."

तोंड फिरवणार नव्हतेच ते. आणि त्यांचं ते शेवटचं बोलणं मी खोटं सांगून मिळवलं. ते माझं म्हणायची सोय मी ठेवली नाही.

आज सकाळी साहेबांना खरं काय ते लिहून दिलं. काकूंवरचं बालंट टळेल. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तू तक्रार मागे घे. नातेवाइकांना काय सांगायचं ते तू ठरव. लपव असं म्हणणार नाही.

तुझ्याकडे धावत येऊन पाय धरावेत असं फार वाटतं. पण बोलावल्यावर आलो नाही, आता न बोलावता कोणत्या तोंडाने येऊ? तू ये म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस, तरी तुझं बरोबरच असेल.

अजूनही तुझा म्हणवून घेणारा,
धाकटा