बांगड्या फोडा, असं मी लिहिलं

नाशिक, मंगळवार, डिसेंबर १९३८

"हात सैल सोड पोरी, आवळलास तर तुलाच दुखेल." माझ्या लग्नाचा चुडा भरताना अमीनाभाभींच्या सासूबाई असं म्हणाल्या होत्या. आज त्यांच्याच सुनेच्या बांगड्यांच्या दुकानात काचांचा खच पडला.

जपानने चीनवर लादलेल्या लढाईचा मूकपट बहिष्कार समितीने दुपारी पंचवटीत दाखवला. पडद्यावर बाँब पडत होते आणि समितीचे चिटणीस माझं मराठी निवेदन वाचत होते. शेवटचं वाक्य होतं, 'जपानी बांगड्या फोडून टाका.' लिहिताना मला ते किती आवडलं होतं. सवाष्ण आपल्या हातची बांगडी अशी फोडत नाही, हे मला, चाळिशी उलटलेल्या सवाष्णीला, सुचू नये? बायकांनी हात पदराखाली घेतले. पुरुष उठले आणि थेट अमीनाभाभींच्या दुकानावर गेले.

संध्याकाळी मी गेले तेव्हा त्या काचा झाडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या हातातल्या माझ्याकडच्याच ना बाई? जपानीच आहेत त्या. त्या नाही फोडल्या?"

मीही हात पदराखाली घेतला.

चीनमध्ये माणसं मरताहेत, ते काही खोटं नाही. पण मग हे काय झालं? फोडा, असं मीच तर लिहिलं.

चिटणीस ऐकणार नाहीत, तरी चिठ्ठी धाडली आहे. उद्याच्या खेळात ते वाक्य वाचू नका, आणि खेळाआधी माझ्याबरोबर अमीनाभाभींची माफी मागायला चला.