चतुराच्या मेंढ्या आणि माझी चिंतनवही

सोमवार, ३ नोव्हेंबर १९४१. शिरड शहापूर. सकाळी साडेसहा.

परभणीच्या शिबिरातून काल परतलो. बालवर्गाच्या मास्तरांसाठी दहा दिवसांचं ट्रेनिंग. सार एकच. रोज शाळा सुटली की मास्तरने स्वतःला विचारायचं, आज माझं काय चुकलं? आणि ते चिंतनवहीत लिहायचं. महिनाअखेर तपासनीस साहेब वह्या पाहणार. ज्याची वही उत्तम, तो डिसेंबरच्या शिबिरात बाकीच्या मास्तरांना शिकवणार. म्हणजे मीच. बाकीच्यांची अक्षरं मी पाहिली आहेत.

ही रोजनिशी मात्र वेगळी, खाजगी. इथे खरं तेच लिहायचं. संकल्प: उद्यापासून लेकरांबरोबर खाली बसणे. छडी बंद. राग बंद.

४ नोव्हेंबर.

खाली बसलो. सारवण ओलं होतं, धोतराचा सत्यानाश. पुन्हा खुर्चीवर. खुर्चीवरून निरीक्षण चांगलं होतं, हे शिबिरात कुणाला सुचलं नाही. चिंतनवहीत ‘माझं काय चुकलं’ या सदरात लिहिलं: फार मेहनत घेतो.

७ नोव्हेंबर. दुपारी.

नवी मेथड! ओढ्याची माती आणवली, लेकरांकडून मेंढ्या करवल्या. चोवीस झाल्या. ओळखीच्या वस्तूतून गणित. चतुराला विचारलं, किती मेंढ्या? ही मसाजी मेंढपाळाची पाच वर्षांची पोरगी. तोंडाला कुलूप. तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. रडली. चिंतनवहीत नोंद: चतुरा, मंद. नाव फसवं.

सिंधूबाई मध्ये पडली. ही आमची आया. घरोघर जाऊन लेकरं गोळा करते, पाणी पाजते, नाकं पुसते. म्हणाली, मास्तर, तिला तसं इचारू नका. मी म्हणालो, ट्रेनिंग माझं झालंय, तुझं नाही. ती पुन्हा नाकं पुसू लागली. बरं वाटलं. मग दिवसभर बरं वाटलं नाही. अपचन असावं.

१० नोव्हेंबर.

जीव थाऱ्यावर नाही. साहेब कधी येणार, पत्र नाही. टपालवाल्यासाठी अकरा वेळा दारात जाऊन आलो. वर्ग मात्र कमालीचा शांत. छडीविना शिस्त! चिंतनवहीत दीड पान लिहिलं.

ता. क. लेकरं मागच्या लिंबाखाली सिंधूबाईजवळ होती. वर्ग रिकामा होता. तरी दीड पान खोडलं नाही, अक्षर छान आलंय.

१४ नोव्हेंबर.

शिबिराचं भाषण तयार. पंचेचाळीस मिनिटं. वर्गात म्हणून पाहिलं. सात लेकरं झोपली. बालमनावर सुखद परिणाम.

१९ नोव्हेंबर.

चतुरा चार दिवस गैरहजर. जवळा बाजार गावात मसाजी भेटला. विचारलं, काहून पाठवत नाहीस? म्हणाला, पोरगी भिऊन राहिली, मास्तर मेंढरं मोजाय लावते म्हणते. अरे, मग गणितात काय करायचं? तर म्हणाला, तुमी शिकलेले लोक, तुमाला म्या काय सांगावं? आणि चालता झाला. मीसुद्धा विचारलं नाही. मास्तरने मेंढपाळाला काय विचारायचं?

संध्याकाळी सिंधूबाई त्यांच्या मेंढरांच्या वाड्यावर जाऊन आली म्हणे. चतुरा उद्यापासून येणार. माझ्या बोलण्याचा परिणाम.

२८ नोव्हेंबर. दुपारी चार.

साहेब आले. चाळीस पानी वही पुढे ठेवली. शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, मास्तर, यात तुम्ही पानोपानी आहात. लेकरं कुठं आहेत? मी चतुराचं पान दाखवलं. दाखवायला नको होतं.

साहेबांनी चतुराला बोलावलं, मातीच्या मेंढ्या मांडल्या, किती म्हणून विचारलं. तेच कुलूप. मी साहेबांकडे पाहिलं, जणू म्हणालो, पाहा, मंदच आहे. तेवढ्यात सिंधूबाई पुढे आली. हात जोडले आणि म्हणाली, साहेब, मेंढरावाल्याच्या घरी जित्राब मोजत न्हाईत. मोजलं की नजर लागते, कमी व्हतंय. पोरगी बापाच्या मेंढरासाठी भेते. मग पदराखाली एक मेंढी लपवली आणि विचारलं, चतुरे, कोण हरवलं?

चतुराने एकदा नजर फिरवली. म्हणाली, कानतुटकी. दुसरी लपवली. म्हणाली, गाभण हाय ती. सिंधूबाईने पदर उघडला, दोन्ही बराबर. मला तर सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

साहेबांनी सिंधूबाईला विचारलं, हे कसं कळलं? ती म्हणाली, रोज सांजच्याला भाकरी थापताना याद करते, आज कोणतं लेकरू काहून रडलं. मग दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन इचारते.

साहेबांनी माझी वही मिटून परत दिली. मला लाज वाटली. इथे खरं तेच लिहायचं ठरलं होतं.

१ डिसेंबर.

शिबिरात सिंधूबाई बोलणार. तिला लिहिता येत नाही. शिबिरापर्यंत तिची चिंतनवही मी लिहायची, ती सांगेल तसं, शब्द न बदलता, असा साहेबांचा हुकूम. अक्षर उत्तम आहे म्हणून. ही निवडच म्हणायची. तीही अक्षरावर.

२ डिसेंबर. शाळा सुटल्यावर.

आज खाली बसलो. धोतर खराब झालं. चतुरा जवळ आली नाही. मग सिंधूबाईने शेणाचे हात धुतले, समोर बसली आणि सांगू लागली. मी लिहिलं. इथेही उतरवून ठेवतो:

आज मास्तर खाली बसले. चतुरा भेली, उद्या भेणार न्हाई. मास्तरला टाइम लागंल, त्यांना कोनी घाई करू नये. मास्तर मंद न्हाईत. त्यांना आजवर कोनी बराबर इचारलं न्हाई.